उंदरातल्या ट्यूमरमध्ये पी५३ चा बँड येतोय, पण सेल लाइन तर नल आहे!

पुणे_पीएचडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर कुणाला काही कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, कॅन्सर बायोलॉजी. आमच्याकडे एक कंपाउंड आहे, त्याने पी५३ (ट्यूमर वाढू न देणारं प्रोटीन) वाढतं आणि म्हणून ट्यूमर छोटा होतो असं आमचं सगळं म्हणणं. त्यासाठी फुप्फुसाच्या दोन सेल लाइन घेतल्या, एक ए५४९ जिच्यात पी५३ नॉर्मल आहे आणि दुसरी एच१२९९ जिच्यात पी५३ च्या जीनचा तुकडाच उडालेला आहे म्हणजे प्रोटीन बनतच नाही. प्लेटवरच्या सेल्सचा वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून मेंब्रेनवर अँटीबॉडीने शोधायची पद्धत) सुरेख झाला. डॉक्सोरुबिसिन (पी५३ वाढवणारं कॅन्सरचं औषध) दिलेल्या ए५४९ मध्ये ५५ केडीए (प्रोटीनच्या वजनाचं माप) च्या मार्करच्या किंचित खाली बारीक रेघ ओढल्यासारखा बँड, आणि एच१२९९ ची लेन कोरी करकरीत. पी५३ धरणारी अँटीबॉडी डीओ-१, माउस मोनोक्लोनल (म्हणजे उंदराची), १:१०००, रात्रभर ४ डिग्रीला. तिला चिकटून बँड दाखवणारी सेकंडरी अँटीबॉडी गोट अँटी-माउस, एचआरपी एन्झाइम जोडलेली, १:५०००. ब्लॉकिंगला ५ टक्के स्किम मिल्क. म्हणजे सगळे करतात तेच.

मग दोन्ही लाइन न्यूड माइसमध्ये टोचल्या, ट्यूमर वाढू दिले, अर्ध्या उंदरांना कंपाउंड दिलं, शेवटी ट्यूमर काढून लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकले. त्याचं लायसेट केलं (सेल्स फोडून प्रोटीन काढलं), ४० मायक्रोग्रॅम लोड केलं, तीच वायल, तेच बफर, तीच मी. आणि आता सगळ्या लेनमध्ये बँड येतोय. सगळ्या म्हणजे एच१२९९ मध्येसुद्धा! जाड, फुगलेला, मधोमध पांढरा पडलेला बँड, आणि नेमका ५५ च्या खाली, पी५३ यायला हवं तिथेच. पाच सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तरी दिसतो. ए५४९ च्या कंपाउंडवाल्या गटात तर अजून जाड.

सरांना दाखवलं तर ते ए५४९ बघून खूश झाले, म्हणाले हेच तर हवं होतं. एच१२९९ चा भाग बाजूला ठेव म्हणाले, लायसेट मिसळलं असेल नाहीतर टोचताना सेल्सची अदलाबदल झाली असेल. पण सेल्सचं एसटीआर प्रोफाइल (ओळख पटवणारी डीएनए चाचणी) मी स्वतः करून घेतलं होतं, बरोबर आलं होतं, आणि ट्यूब्जवर लेबलं मीच लावली होती. अजून एक गोष्ट खटकतेय. मेंब्रेनच्या खालच्या अर्ध्यावर पी२१ बघितलं, पी५३ वाढलं की ते वाढायला पाहिजे, तर ते अजिबात हललेलं नाही. त्यावर उत्तर मिळालं की टाइम पॉइंट चुकला असेल.

पेपरची फिगर याच आठवड्यात करायची आहे आणि मला झोप लागत नाहीये. नल लाइनमध्ये पी५३ आलं कुठून? ट्यूमरमध्ये उंदराचा स्ट्रोमा (आधार देणारं टिश्यू) शिरतो, त्यातलं असेल का? असं कुणाचं झालंय का?

ब्लॉटवाला

तुमची स्ट्रोमाची शंका चांगली आहे, पण डीओ-१ उंदराचं पी५३ धरत नाही. ती माणसाच्या पी५३ च्या अगदी सुरुवातीच्या टोकावर बसते, २० ते २५ नंबरच्या अमिनो अॅसिडच्या आसपास, आणि उंदरात तिथली अक्षरं वेगळी आहेत. तेव्हा ते सोडा.

मला वाटतं तुम्ही पी५३ बघतच नाही आहात, उंदराच्या अँटीबॉडीज बघताय. नीट सांगतो. तुमची सेकंडरी काय आहे, अँटी-माउस. तिला कुणी डीओ-१ शोधायला सांगितलेलं नाही, तिला फक्त उंदराचं आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटीबॉडी, डीओ-१ पण त्यातलीच) कळतं. प्लेटवरच्या सेल्समध्ये उंदराचं आयजीजी नसतं, म्हणून मेंब्रेनवर डीओ-१ सोडून तिला चिकटायला दुसरं काही मिळालं नाही आणि सगळं स्वच्छ आलं. ट्यूमर मात्र उंदराच्या रक्तावर वाढलेला. त्याच्यात रक्त आहे, रक्तात आयजीजी आहे, ते तुमच्या लायसेटमध्ये आलं आणि जेलमध्ये चाललं. लोडिंग डायमध्ये बीटा-मरकॅप्टो असतं त्याने आयजीजीचे तुकडे होतात, हेवी चेन साधारण ५० केडीए आणि लाइट चेन साधारण २५. आता ५० आणि ५३, दहा टक्क्यांच्या जेलवर हे दोन वेगळे करून दाखवा बरं. माझ्याच्याने तर आजवर झालेलं नाही.

न्यूड माइसमध्ये अँटीबॉडी नसतात असं कुणी म्हणेल तर ऐकू नका. त्यांना थायमस नसतो म्हणून टी सेल नसतात, बी सेल असतात. आयजीजी कमी असतं पण ईसीएलला तेवढं भरपूर झालं. एनएसजी माइस असते तर हा प्रश्न आला नसता, त्यांना बी सेलही नसतात.

दोन गोष्टी विचारतो. एक, त्याच मेंब्रेनवर २५ च्या जवळ बँड दिसला का? लाइट चेन तिथे दिसायला पाहिजे. दोन, नुसती सेकंडरी लावून ब्लॉट केला आहे का, म्हणजे डीओ-१ न घालता, रात्रभर नुसतं मिल्क, आणि सकाळी सेकंडरी? नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते करा. त्याला वेगळा खर्च नाही.

आणि बँड मधोमध पांढरा पडलाय म्हणालात ना, तिथे एचआरपी इतकं साचलंय की सब्स्ट्रेट संपून जातं. ए५४९ मध्ये नॉर्मल पी५३ किती असतं तर जेमतेम. एमडीएम२ नावाचं प्रोटीन त्याला सतत मोडत असतं, वीसेक मिनिटांत निम्मं संपतं. तेवढ्याशा प्रोटीनने असा बँड जळत नाही.

पुणे_पीएचडी

दादा, २५ चं काय सांगू, मी मेंब्रेन ३५ ला कापते! अँटीबॉडी वाचावी म्हणून वरचा तुकडा डीओ-१ मध्ये आणि खालचा पी२१ मध्ये, आमच्या लॅबमध्ये सगळे असंच करतात. पी२१ ची अँटीबॉडी रॅबिट आहे, म्हणजे त्या तुकड्याला अँटी-रॅबिट सेकंडरी लावली. म्हणजे लाइट चेन तिथे असलीच तरी मला दिसणारच नव्हती ना?

आणि अॅक्टिनची (सगळ्या लेनमध्ये प्रोटीन सारखं आहे का ते बघायची) अँटीबॉडी पण माउसच आहे. ते ४२ ला येतं, त्याच वरच्या तुकड्यावर, स्ट्रिप करून (आधीची अँटीबॉडी धुऊन) लावलं होतं. आता त्यावरही विश्वास बसत नाहीये.

उद्या सेकंडरी-ओन्ली लावते.

ब्लॉटवाला

बरोबर, दिसणारच नव्हती. मेंब्रेन कापायला माझी हरकत नाही, मीही कापतो, वायल किती महाग पडते आणि यायला किती आठवडे लागतात ते माहीत आहे. पण नवीन प्रकारचं सँपल पहिल्यांदा चालवताना एक तरी मेंब्रेन अख्खं ठेवायचं. तुमच्यासाठी ट्यूमर लायसेट हे नवीन सँपल होतं. प्लेटवर अँटीबॉडी चांगली निघाली म्हणून टिश्यूमध्ये तशीच वागेल असं धरून चालता येत नाही.

उद्याच्या ब्लॉटवर ट्यूमर न टोचलेल्या उंदराचं लिव्हर किंवा स्प्लीन असेल तर तेही एका लेनमध्ये घाला. माणसाचं पी५३ त्यात असायचा प्रश्नच नाही. तिथे बँड आला की वाद संपला.

ठाणे_बायोटेक

मी जरा वेगळं मत मांडतो. समजा सगळ्या लेनमध्ये हेवी चेन आहे. तरी ए५४९ च्या कंपाउंडवाल्या गटात बँड जास्त जाड आहे ना? मग जो जास्तीचा भाग आहे तो पी५३ च असेल. डेन्सिटोमेट्री करून (बँडची गडदता मोजून) एच१२९९ ची व्हॅल्यू वजा करा आणि पुढे जा. आम्ही कंपनीत असताना बॅकग्राउंड असंच वजा करायचो. पुन्हा प्राणी वाढवायचे म्हणजे एथिक्स कमिटी, पैसा, सहा महिने, हे कोण देणार.

ब्लॉटवाला

वजा नाही करता येणार. एक तर बँड जळलेला आहे, सॅचुरेट झालेला, त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. दुसरं म्हणजे औषध दिलेल्या ट्यूमरमध्ये बरेचदा नेक्रोसिस जास्त असतो, रक्तवाहिन्या गळतात, आत रक्त साचतं. मग आयजीजी पण जास्त येणार. तुम्ही ज्याला औषधाचा परिणाम म्हणाल ते ट्यूमरमध्ये साचलेलं रक्त असू शकतं. एच१२९९ च्या उंदरातलं रक्त ए५४९ च्या उंदरातून वजा करून काय मिळणार?

आणि प्राणी पुन्हा वाढवायची गरज नाही, ट्यूमर फ्रीझरमध्ये आहेत. फक्त ब्लॉट बदलायचा आहे.

पुणे_पीएचडी

झालं. सेकंडरी-ओन्ली, अख्खं मेंब्रेन, डीओ-१ चा एक थेंब नाही.

ट्यूमरच्या आठही लेनमध्ये तोच जाड बँड. खाली २५ ला दुसरा. नॉर्मल उंदराच्या लिव्हरमध्ये पण दोन्ही, जागेवर. प्लेटवरच्या ए५४९ आणि एच१२९९ च्या लेन पूर्ण कोऱ्या. इमेजरच्या खोलीत मी एकटीच होते, स्क्रीनकडे नुसती बघत बसले. आठ महिने मी याला पी५३ म्हणत होते. एका पोस्टरवर पण लावलंय ते.

कंपाउंडवाल्या लेन सेकंडरी-ओन्लीमध्ये पण जास्त जाड आहेत. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच.

आता खरं पी५३ बघायचं कसं? नवीन अँटीबॉडी मागवायला सर लगेच हो म्हणतील असं वाटत नाही.

हायडलबर्ग_मराठी

मी मूळची सांगलीची, इथे पोस्टडॉक करते, ट्यूमर मॉडेल्सवरच काम आहे म्हणून लिहितेय. आधी एक सांगते, तू हे आत्ता पकडलंस, पेपर छापून आल्यावर नाही, आणि पकडलंस ते नल लाइन बाजूला टाकायला मन धजलं नाही म्हणून. पोस्टरचं वाईट वाटणं साहजिक आहे पण पोस्टर दुरुस्त करता येतं.

उपाय बरेच आहेत. डीओ-१ ला थेट एचआरपी जोडलेली मिळते, ती घेतली की सेकंडरीची गरजच नाही. किंवा माणसाच्या पी५३ विरुद्धची रॅबिट मोनोक्लोनल, अँटी-रॅबिट सेकंडरीसोबत, फक्त ती उंदराचं पी५३ पण धरते का ते डेटाशीटवर बघून घे, नाहीतर तुझी स्ट्रोमाची शंका मग खरी होईल. तिसरा मार्ग लाइट चेन स्पेसिफिक सेकंडरी, ती २५ चा बँड दाखवते आणि ५० ची जागा मोकळी सोडते. चौथं, लायसेट आधी प्रोटीन जी बीड्सवर फिरवून आयजीजी काढून टाकणं, यात प्रोटीन जी च घे, प्रोटीन ए ला उंदराचं आयजीजी१ नीट धरता येत नाही. बीड्सने सगळं निघत नाही पण बराच फरक पडतो.

पण पैसे नसतील तर एक फुकटची युक्ती आहे आणि ती तू उद्या सकाळी करू शकतेस. लोडिंग डायमध्ये बीटा-मरकॅप्टो घालूच नकोस. नॉन-रिड्यूसिंग. आयजीजीच्या चेन्स एकमेकींना डायसल्फाइडने बांधलेल्या असतात, ते बंध तुटले नाहीत की अख्खा रेणू दीडशे केडीएला वर अडकतो आणि तुझी ५३ ची जागा रिकामी होते. पी५३ चा टेट्रामर (चार रेणूंचा गट) एसडीएसमध्ये, म्हणजे जेलच्या डिटर्जंटमध्ये, तसाही सुटतो त्यामुळे ते आपल्या जागी येईल, बँड थोडा पसरट दिसला तर घाबरू नको. एकच काळजी घे, त्याच जेलवर मरकॅप्टोवालं सँपल शेजारच्या लेनमध्ये लावू नकोस. ते जेलमधून बाजूला झिरपतं आणि शेजारच्या लेनचं आयजीजी अर्धवट तोडतं, मग तुला काठाला हेवी चेनची तिरकी शेपटी दिसेल आणि पुन्हा डोकं फिरेल. मधे दोन लेन रिकाम्या सोड, नाहीतर सरळ वेगळं जेल कर. मार्करमध्ये पण डीटीटी (मरकॅप्टोसारखंच बंध तोडणारं) असतं बरेचदा, त्यालाही लांब ठेव.

आणि दर जेलवर प्लेटवरचं एच१२९९ एक लेन, डॉक्सोवालं ए५४९ एक लेन. एक जिथे नसायलाच पाहिजे आणि एक जिथे असायलाच पाहिजे.

हायडलबर्ग_मराठी

अजून थोडं लिहिते, कारण सरांशी बोलताना तुला उपयोग होईल.

टोरोंटोला माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये डायमॅन्डिस यांची लॅब आहे, ट्यूमर मार्करमध्ये मोठं नाव. त्यांच्याकडे इओआनिस प्रासास वगैरे मंडळी पॅन्क्रियाजच्या कॅन्सरसाठी सीयूझेडडी१ नावाच्या प्रोटीनवर काम करत होती. बाजारातला एलायझा किट घेतला, पेशंटच्या सँपलमध्ये सुंदर फरक दिसला, उत्साहाने पुढे गेले. दोन वर्षं आणि साधारण पाच लाख डॉलर गेल्यावर कळलं की किटमधली अँटीबॉडी सीयूझेडडी१ ला धरतच नव्हती, ती सीए१२५ ला धरत होती. सीए१२५ म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये आपण रक्तात मोजतो तेच. आकडे खरे होते, फरक खरा होता, फक्त प्रोटीन दुसरंच. त्यांनी हे लपवलं नाही, २०१४ मध्ये इतर संशोधकांना सावध करणारा पेपरच काढला. मला त्या लॅबबद्दल त्या पेपरमुळे जास्त आदर वाटतो.

इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं तर अजून मोठं. वीसेक वर्षं लोक ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तो आहे की नाही यावर भांडत होते, उलटसुलट पेपर. २०१७ मध्ये स्वीडनच्या ग्रुपने बाजारातल्या १३ अँटीबॉडी तपासल्या तर नीट काम करणारी एकच निघाली.

तुझ्या बाबतीत अँटीबॉडी खोटी नाहीये हे मात्र सरांना स्पष्ट सांग, नाहीतर ते वायल बदल म्हणतील आणि दुसऱ्या माउस अँटीबॉडीने पुन्हा तेच दिसेल. डीओ-१ तीस वर्षांहून जास्त जुनी आहे, डेव्हिड लेन यांच्या गटाच्या १९९२ च्या पेपरमधली, तेच लेन जे १९७९ मध्ये पी५३ शोधणाऱ्यांपैकी एक होते. फार कमी अँटीबॉडी इतक्या तपासून निघाल्या आहेत. तिच्या मर्यादा माहीत असल्या की झालं. उदाहरणार्थ पी५३ चे जे छोटे प्रकार पुढच्या टोकाशिवाय बनतात, डेल्टा४० किंवा डेल्टा१३३, ते तिला दिसतच नाहीत कारण ती जिथे बसते तो भागच त्यांच्यात नसतो.

सरांसमोर शब्दांनी वाद घालू नकोस. दोन इमेज शेजारी शेजारी ठेव, डावीकडे डीओ-१ वाला ब्लॉट, उजवीकडे सेकंडरी-ओन्ली, लेनचा क्रम तोच, एक्स्पोजर तेच. आणि गप्प बस.

पॅथ_मॅडम

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट, ब्लॉटमधलं मला फार कळत नाही, पण पी५३ च्या स्लाइड रोज बघते म्हणून चार ओळी. ट्यूमरचे थोडे तुकडे फॉर्मलीनमध्ये ठेवले असतील आणि ब्लॉक असतील तर आयएचसी (टिश्यूच्या स्लाइडवर अँटीबॉडीने रंग देणं) करून घे. ब्लॉटमध्ये सगळं दळून एक होतं, स्लाइडवर कुठली सेल रंगलीय ते दिसतं. पी५३ न्यूक्लियसमध्ये रंगतं, रक्तातलं आयजीजी रंगलं तर ते वाहिन्यांमध्ये आणि सेल्सच्या मधल्या जागेत चॉकलेटी चिखलासारखं पसरलेलं दिसेल. पहिल्या नजरेत फरक कळतो.

वाचायची पद्धत सांगते कारण इथे नवीन मुलं हमखास चुकतात. नॉर्मल पी५३ असेल तर काही न्यूक्लियस फिकट, काही गडद, काही कोरे, असं विखुरलेलं दिसतं. मिसेन्स म्यूटेशन असेल तर बिघडलेलं प्रोटीन मोडलं जात नाही, साचत जातं, आणि जवळजवळ सगळे न्यूक्लियस काळपट चॉकलेटी. आणि तिसरा प्रकार म्हणजे एकही न्यूक्लियस रंगलेलं नाही. हे नॉर्मल नाही! हा नल पॅटर्न, जीन तुटल्यामुळे प्रोटीनच नाही. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे केवढे, तंबाखू, मिश्री, गुटखा, २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली तरी माझ्या टेबलावरचे ब्लॉक काही कमी झाल्यासारखे वाटत नाहीत, आणि त्यात पी५३ बिघडलेलं फार वेळा सापडतं. एकदा बाहेरून आलेल्या रिपोर्टवर 'पी५३ निगेटिव्ह' एवढंच लिहिलेलं, आणि ते वाचणाऱ्या तरुण डॉक्टरने पी५३ ठीक आहे असं धरलं होतं. मी स्लाइड मागवून घेतली. ट्यूमर पूर्ण कोरा, आणि शेजारचे लिम्फोसाइट्स आणि बेसल लेयर फिकट रंगलेले. म्हणजे स्टेनिंग चाललं होतं, ट्यूमरमध्येच प्रोटीन नव्हतं.

ते शेजारचे लिम्फोसाइट्स म्हणजे इंटर्नल कंट्रोल, आणि तुझ्या बाबतीत नेमकी इथे अडचण येणार. झेनोग्राफ्टमध्ये (उंदरात वाढवलेल्या माणसाच्या ट्यूमरमध्ये) शेजारच्या सगळ्या सेल्स उंदराच्या, आणि वर म्हटलंय तसं डीओ-१ त्यांना रंगवणारच नाही. आम्ही वापरतो ती डीओ-७ पण नाही. मग एच१२९९ ची स्लाइड कोरी आली तर प्रोटीन नाही म्हणून कोरी की स्टेनिंगच फसलं म्हणून कोरी, हे कळणार कसं? त्यासाठी त्याच स्लाइडवर माणसाच्या टॉन्सिलचा तुकडा लावावा लागेल. तोच काच, तोच प्रेशर कुकर, तेच बफर. टॉन्सिल रंगलं आणि ट्यूमर कोरा, तर ते खरं कोरं.

आणि माउस अँटीबॉडी उंदराच्या टिश्यूवर लावतेयस, तर साधं ब्लॉकिंग पुरणार नाही, माउस-ऑन-माउस ब्लॉकिंग लागेल. रॅबिट मोनोक्लोनल मिळाली तर उत्तमच.

पुणे_पीएचडी

मॅडम, ब्लॉक आहेत! प्रत्येक ट्यूमरचा एक तुकडा मी फॉर्मलीनमध्ये ठेवला होता, पुढे कधीतरी एचअँडई करू म्हणून. टॉन्सिलचं मला सुचलंच नसतं. इंटर्नल कंट्रोल उंदराचा असल्यामुळे दिसणारच नाही हा मुद्दा दोनदा वाचला तेव्हा कळला.

पुणे_पीएचडी

अपडेट देते, तीन दिवसांनी.

नॉन-रिड्यूसिंग जेल झालं. मार्कर कडेला, मधे दोन लेन रिकाम्या. वर दीडशेला गच्च बँड सगळ्या ट्यूमर लेनमध्ये, आणि खाली ५५ च्या जवळ पहिल्यांदाच स्वच्छ पांढरी जागा दिसली. एच१२९९ चे चारही ट्यूमर कोरे. ए५४९ च्या चारही ट्यूमरमध्ये बारीक, फिकट बँड, दोन मिनिटांचं एक्स्पोजर द्यावं लागलं, पण जागेवर, डॉक्सोवाल्या लेनच्या अगदी ओळीत. आणि कंपाउंड दिलेले दोन आणि न दिलेले दोन, चौघांत डोळ्याला काही फरक नाही. अॅक्टिन रॅबिट अँटीबॉडीने केलं, शेजारच्या लॅबकडून उसनी आणली, ते सगळीकडे सारखं आहे.

म्हणजे पी२१ पहिल्यापासून खरं सांगत होतं. मीच ते ऐकून घ्यायला तयार नव्हते, सगळ्यांनी वरच्या बँडकडेच बघितलं.

ट्यूमर छोटे झाले हे खरं आहे, व्हर्नियरने मीच मोजलेत, दर तिसऱ्या दिवशी. ते कशामुळे झाले ते आता माहीत नाही. विचित्र वाटेल पण मला हलकं वाटतंय.

सरांना तीन इमेज शेजारी ठेवून दाखवल्या, ताई म्हणाल्या तसं, काही न बोलता. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं रिड्यूसिंग एजंट न घालायचं कुणी सांगितलं, मी म्हटलं ओळखीच्या एक ताई आहेत. मग म्हणाले फिगर ४ काढून टाक, आणि पोस्टरच्या आयोजकांना काय कळवायचं ते सोमवारी बसून लिहू. ओरडले नाहीत. एचआरपी जोडलेल्या डीओ-१ चं कोटेशन मागवायला सांगितलंय.

ठाणे_बायोटेक

वजा करा म्हटलं होतं ते मागे घेतो. सेकंडरी-ओन्लीमध्ये पण कंपाउंडवाली लेन जाड आली हे वाचून पटलं. आमच्याकडच्या दोन जुन्या झेनोग्राफ्ट ब्लॉट्सवर पण माउस प्रायमरी आणि अँटी-माउस सेकंडरीच आहे, ते उघडून बघतोय. त्यात टार्गेट ४८ केडीएचं आहे.

ब्लॉटवाला

४८ असेल तर नक्की बघा. सँपल शिल्लक असतील तर आधी सेकंडरी-ओन्लीच लावा.

पुणे_पीएचडी, एक सुचवतो. ए५४९ मध्ये दोन-दोनच ट्यूमर चालवलेत, फ्रीझरमध्ये बाकीचे असतील तर तेही याच पद्धतीने चालवून घ्या. फरक नाही असं म्हणायलाही तेवढेच नमुने लागतात जेवढे आहे म्हणायला लागतात.

पुणे_पीएचडी

प्रत्येक गटात अजून चार आहेत. या शनिवारी चालवते.

पॅथ मॅडम, स्लाइडवर टॉन्सिल लावायचं तर ट्यूमरचा सेक्शन घ्यायच्या आधी टॉन्सिलचा घ्यायचा की नंतर? आमच्याकडे मायक्रोटोम आहे पण टॉन्सिलचा ब्लॉक नाही.

पॅथ_मॅडम

आधी टॉन्सिल, काचेच्या लेबलच्या बाजूला, आणि खाली ट्यूमरसाठी जागा सोडायची. काच कोटेड घे, साध्या काचेवरून प्रेशर कुकरमध्ये सेक्शन सुटून येतात. चार मायक्रॉन पुरे. तुमच्या सरांकडून आमच्या विभागाच्या नावाने एक रीतसर पत्र आण, परवानगीचं मी इथे बघते, मग मी टॉन्सिल आधीच लावलेल्या वीस काचा करून ठेवते. बुधवारी दुपारी तीननंतर ये, सकाळी फ्रोझन सेक्शन चालू असतात.